गरम झाली की बंद पडणारी गाडी

आमच्या रस्त्यावर गॅरेजं बरीच होती, पण बाईमाणसाचं एकच. तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणायचे. बाप मिस्त्री होता म्हणून ही मिस्त्रीण. नवऱ्यामुळे म्हणावं तर नवरा तिनं केलाच नाही. "स्थळं आली होती की," ती सांगायची, "पण माझे हात बघितले की माणसं चहा अर्धा टाकून उठायची." आणि नखांत बसलेलं काळं ग्रीस दाखवून स्वतःच हसायची. पन्नाशीला टेकली होती तेव्हा. केस आखूड कापलेले, अंगात बापाचाच जुना निळा डगला, बाह्या दुमडून वर सारलेल्या.

माझं स्पेअर पार्टचं दुकान तिच्या गॅरेजला लागून. मधे नुसता पत्रा. तिकडं पाना पडला की इकडं माझी खोकी हादरायची, आणि तिकडचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर यायचंच. ती मला 'शेठ' म्हणायची, म्हणजे थट्टेनं. माझ्या दुकानात शेठपणा करण्यासारखं काही नव्हतं.

तिच्या बापाला लकवा झाला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही बहुतेक गेलं. तरी ती रोज सकाळी त्याला घेऊन यायची आणि गॅरेजच्या तोंडाशी हातांच्या खुर्चीत बसवायची. "घरी भिंतीकडे बघत बसतात, इथं निदान गाड्यांकडे बघतील," म्हणायची. काम करता करता त्याच्याशी बोलायची. बेअरिंग असेल की बेल्ट, असं विचारायची. म्हातारा डावा हात उचलायचा किंवा नाही उचलायचा. त्यावरून ती काय समजायची कोण जाणे, पण समजायची. त्याच्या तोंडात कायम असलेला एक शब्द मात्र अजून स्पष्ट यायचा, तो म्हणजे 'खोटं'. तरुणपणी त्यानं दोन कारागीर कामावरून काढले होते, न बदललेला पार्ट बदलला असं गिऱ्हाइकाला सांगितलं म्हणून. गाडीबद्दल गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, हे त्यानं मुलीच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकून ठेवलं होतं. कितीतरी गिऱ्हाइकं तिनं त्यापायी घालवली. "तुमच्या गाडीला काही झालेलं नाही, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता," असं तोंडावर सांगितल्यावर कोण परत येणार?

नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपात जायला लागल्या होत्या. तिच्याकडे यायच्या त्या जुन्या गाड्या, नाहीतर बाकीच्यांनी हात टेकलेल्या.

तशीच ती पांढरी गाडी आली. ओढून आणली होती. गाडीबरोबर साठीच्या एक काकू होत्या. चेहरा असा, की रडून झालं आहे आणि आता नुसतं कोरडं उरलं आहे.

"काय होतंय गाडीला?" मिस्त्रीणबाईनं विचारलं.

"आता काहीच होत नाही," काकू म्हणाल्या. "सुरू होते, चालते. दोघांनी बघितली, दोघंही म्हणाले गाडी ठणठणीत आहे."

"मग माझ्याकडे कशाला आणलीत? आणि तीही ओढून?"

"मला ती चालवता येत नाही. आणि मुलगा हात लावत नाही."

मग त्यांनी सांगितलं. मी इकडं पत्र्याच्या अलीकडे नटांची खोकी लावत होतो, माझा हात थांबला.

काकूंच्या यजमानांच्या छातीत दुपारी कळ आली. मुलगा घरी होता. त्यानं वडिलांना उचलून गाडीत मागं ठेवलं, आईच्या मांडीवर डोकं, आणि दवाखान्याकडे निघाला. वाटेत कुठंतरी रस्ता उकरलेला होता, गाड्यांची रांग लागली होती, ऊन तापलेलं. रांगेत इंच इंच सरकताना गाडी गपकन बंद पडली. मुलगा चावी फिरवत राहिला. इंजिन नुसतं गरगरत राहिलं, पेट घेईना. मागून हॉर्न. मुलगा खाली उतरला, बॉनेट उघडलं, परत आत बसला, परत चावी. मग रस्त्यात उभा राहून हात जोडून गाड्या थांबवायला लागला. एक टेम्पोवाला थांबला. टेम्पोत घातलं तेव्हा यजमानांचा श्वास चालू होता की नाही, हे काकूंना सांगता येत नव्हतं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

"आणि मग गाडी?" मिस्त्रीणबाईनं हळूच विचारलं.

"संध्याकाळी दीर गेले गाडी आणायला. त्यांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली." काकू थांबल्या. "ते घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, गाडीला काही झालेलं नव्हतं. पोरानं घाबरून हातपाय गाळले. जरा डोकं शांत ठेवलं असतं तर भाऊ वाचला असता."

मुलगा तेव्हापासून कामाला जात नव्हता. खोलीचं दार लावून बसायचा. ताट आत गेलं तर तसंच बाहेर यायचं. नातेवाइकांच्या तोंडाला कोण कुलूप लावणार? जो येई तो तेच बोलून जाई.

"मला एवढंच सांगा," काकू म्हणाल्या, "दोष गाडीचा की माझ्या मुलाचा. काय असेल ते खरं सांगा. तुम्ही खरं सांगता असं ऐकलंय."

"याआधी कधी अशी बंद पडली होती का?"

"नाही," काकू लगेच म्हणाल्या. "कधीच नाही."

मिस्त्रीणबाईनं गाडी ठेवून घेतली.

बंद पडलेली गाडी दुरुस्त करणं एकवेळ सोपं, पण न बिघडलेल्या गाडीतला बिघाड शोधायचा म्हणजे झोपलेल्या चोराला चोरी करायला लावायची. स्कॅनर लावला, स्कॅनर म्हणाला सगळं आलबेल. बॅटरी चांगली, टाकीतला पंप चांगला, प्लग कोरडे आणि करडे, जसे असावेत तसे. इंजिन तासभर चालू ठेवलं तरी मांजरीसारखं गुरगुरत राहिलं. मी पत्र्यावरून डोकावून म्हटलं, "बाई, दीर म्हणतो तेच खरं असेल. पोरगा घाबरला असेल."

"घाबरला असेलच, शेठ. बाप मागं तडफडतोय तर काय गाणी म्हणेल?" ती म्हणाली. "पण घाबरलेल्या माणसाच्या हातानं इंजिन बंद पडत नाही. हे क्लचचं काम नाही, गाडी ऑटोमॅटिक आहे."

रोज दुपारी उन्हात ती गाडी घेऊन बाहेर पडायला लागली. मुद्दाम गर्दीच्या रस्त्याला जायची, सरकत राहायची. गाडी काही बंद पडेना. तिचा जीव मात्र त्यात अडकला होता, जेवणाचा डबा तसाच राहायला लागला. एकदा म्हातारा खुर्चीतून डाव्या हातानं खुणा करायला लागला, हात गोल फिरवायचा आणि मग बॉनेटकडे दाखवायचा. मला वाटलं पंखा हवाय. ती मात्र चमकली. "पंखा बंद ठेवू म्हणता?" म्हाताऱ्यानं हात उचलला. तिनं रेडिएटरच्या पंख्याचा प्लग काढला, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून इंजिन चांगलं तापू दिलं, आणि तशीच गाडी बाहेर काढली.

थोड्याच वेळात तिचा फोन आला. "शेठ, पडली बंद. बाजाराच्या वळणावर. एक पाण्याची बाटली आणि करंट तपासायचा माझा मीटर घेऊन या."

मी पोचलो तर बॉनेट उघडून ती वाकलेली, मागून लोक शिव्या घालतायत, आणि हिच्या चेहऱ्यावर समाधान. "बसा आत आणि चावी फिरवा," म्हणाली. मी फिरवली. इंजिन गरगरलं, पेटेना. "आता काट्याकडे बघा. इंजिनचे फेरे दाखवतो तो." मी बघितलं. इंजिन फिरत होतं, पण काटा शून्यावर मेल्यासारखा पडलेला. "म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीला कळतच नाहीये," ती म्हणाली. "म्हणून प्लगला ठिणगी नाही, पेट्रोल नाही. सांगणारा सेन्सर मुका झालाय." मग तिनं फडकं पाण्यात भिजवलं, हात आत घालून इंजिनच्या बुडाशी असलेल्या बोटाएवढ्या सेन्सरवर दाबून धरलं. चटका बसला तरी हात काढला नाही. थोडं थांबून म्हणाली, "आता."

मी चावी फिरवली. काटा हलला. इंजिन सुरू झालं.

सेन्सर तापला की आतली बारीक तार सुटायची, थंड झाला की परत जुळायची. म्हणून संध्याकाळी दिराच्या हाताला गाडी सुरू झाली.

परत येताना ती आनंदानं बोलत होती, मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पण गॅरेजजवळ आल्यावर एकदम गप्प झाली. इंजिन बंद करून तशीच आत बसून राहिली. "शेठ," ती म्हणाली, "असले सेन्सर एका दिवसात मरत नाहीत. आधी महिना-दोन महिने सूचना देतात."

"काकू तर कधीच नाही म्हणाल्या."

"हो. म्हणाल्या खऱ्या."

दुसऱ्या दिवशी काकू मुलाला घेऊन आल्या. कसं आणलं त्यांनाच माहीत. पंचविशीचा उंच मुलगा, दाढी वाढलेली, गाडीकडे पाठ करून उभा राहिला. मी नवा सेन्सर घेऊन गेलो होतो, तो हातात धरून तिथंच थांबलो.

मिस्त्रीणबाईनं जुना सेन्सर बाकावर ठेवला, त्याला मीटरच्या तारा लावल्या. मग केस वाळवायचं मशीन काढलं. "आयुष्यात पहिल्यांदा घेतलंय, तेही गाडीसाठी," म्हणाली. कुणी हसलं नाही. तिनं गरम हवा सेन्सरवर सोडली. मीटरवर आकडा होता, तो थरथरला, आणि गेला. मशीन बंद केलं, फुंकर घातली. हळूहळू आकडा परत आला.

"बघितलंस?" ती मुलाला म्हणाली. "हे असं झालं होतं. तू काय, ही गाडी बनवणारा जरी बसला असता तरी ती सुरू झाली नसती. तुझ्या काकांना माझ्याकडे पाठव, मी त्यांनाही दाखवते."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "ऐकलंस ना रे? ऐकलंस ना?" त्या म्हणत राहिल्या.

मुलगा मीटरकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, "मावशी, हा असा एकदम जातो? आधी काहीच कळत नाही?"

मिस्त्रीणबाईनं मीटरच्या तारा काढल्या, गुंडाळल्या. गुंडाळून झाल्यावर परत सोडल्या आणि परत गुंडाळल्या.

"एकदम जातो," ती म्हणाली. "काही कळत नाही."

मागं खुर्चीत म्हाताऱ्यानं डावा हात आपटला. त्याच्या तोंडून तो शब्द बाहेर यायला लागला होता. मिस्त्रीणबाई वळलीसुद्धा नाही. "बाबांना पाणी हवंय वाटतं," म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी जाऊन म्हाताऱ्याच्या तोंडाशी भांडं धरलं. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं.

मुलगा आईला घेऊन गेला. गाडी दोन दिवसांनी नेतो म्हणाला.

तो आला, पण एकटा. मी दुकानात होतो. पत्र्यापलीकडून त्याचा आवाज आला, "तुम्ही परवा खोटं बोललात ना?"

"हो," मिस्त्रीणबाई म्हणाली.

"ती आधी दोनदा बंद पडली होती. एकदा ऑफिसच्या रस्त्याला, एकदा बाबा बरोबर असताना. बाबा म्हणाले होते दाखवून घे. मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी नेतो. सुट्टीला मित्र आले. मग पुढच्या सुट्टीला म्हटलं."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काका म्हणतात मी घाबरलो. मला ते बरं वाटायचं, मावशी. घाबरलो म्हटलं की निदान सोसता येतं. आता तर आई सगळ्यांना फोन करून सांगतेय, माझ्या मुलाचा काही दोष नव्हता. मी ते शेजारच्या खोलीतून ऐकतो." मग त्याचा आवाज खाली आला. "तिला यातलं काही माहीत नाही. तिला कळू देऊ नका."

"मी कशाला सांगू?" मिस्त्रीणबाई म्हणाली. तिनं त्याला बाकावर बसवलं, चहा दिला. तो चहा न पिता उठून गेला. गाडी तिथंच राहिली.

महिन्याभरानं काकू आल्या. मुलगा कामाला जायला लागला होता, पण घरात बोलत नव्हता. आल्या त्या गाडीबद्दल विचारायला, पण म्हाताऱ्याशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि उठेनातच. शेवटी म्हणाल्या, "ताई, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. गाडी आधी बंद पडली होती. यांनीच सांगितलं होतं मला, पोराला दाखवून आण म्हटलंय म्हणून. मी दोनदा त्याला आठवण करणार होते. दोन्ही वेळा म्हटलं, दमून आलाय, जाऊ दे. आज कशाला मागं लागायचं."

"मग माझ्याकडे गाडी कशाला आणलीत?"

"वाटलं, दुसरंच काही निघेल. ज्याचा आधीशी काही संबंध नाही असं काहीतरी. तुम्ही म्हणालात एकदम जातो, तेव्हा मला बरं वाटलं. त्याला खरं वाटलंय ना, तेवढं पुरे. मी हे बोलले ते त्याला कळू देऊ नका. माझं मी बघेन."

दोघांनी आपापलं ओझं हिच्या दारात आणून टाकलं होतं, आणि दोघांनीही एकमेकांना सांगू नको म्हणून बजावलं होतं. पत्र्याच्या अलीकडे मी मनात म्हणत होतो, बाई, गप्प राहा. परक्याच्या चुलीत फुंकर घालू नका, राख आपल्याच डोळ्यांत जाते.

पण ती म्हणाली, "काकू, मी खोटं बोलले हे त्याला माहीत आहे. तो येऊन गेला. तोही हेच म्हणाला, आईला कळू देऊ नका. घरी जा आणि त्याच्याशी बोला. इथं नको, तिथं बोला."

काकू तशाच उठल्या. चप्पल घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला.

पुढं काय झालं ते आम्हाला काकूंनीच सांगितलं, आठवड्याभरानं, गॅरेजच्या पायरीवर उभ्या राहून. आत आल्या नाहीत. त्या मुलाशी बोलल्या. आधी दोघंही रडली. मग मुलगा म्हणाला, तुला सगळं माहीत होतं, तरी मला त्या गॅरेजात नेऊन तमाशा करायला लावलास? मला निर्दोष ठरवून घ्यायला? मी काय लहान आहे? आवाज चढले. त्यानं दुसऱ्या गावी नोकरी बघितली होती, ती आईला माहीतच नव्हती. सामान भरून गेला.

"तुम्ही बोलला नसतात तर घरात तरी होता," काकू म्हणाल्या. "बोलत नव्हता, पण त्याच्या खोलीतला दिवा दिसायचा. तुम्ही पहिल्यांदा खोटं बोललात ते बोललात, मग तेच धरून का नाही ठेवलंत?"

मिस्त्रीणबाई हात पुसत उभी होती. फडकं काळं, हात काळे, पुसून काही फरक पडत नव्हता. "चुकलं माझं," ती म्हणाली. कुठलं चुकलं, पहिलं की दुसरं, ते तिनं सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही.

त्यानंतर तिचं हसणं कमी झालं. गिऱ्हाइकाला सरळ तोंडावर बोलायची, तेही कमी झालं. "बघते, करते," एवढंच. म्हातारा मात्र तिच्याकडे बघेना. खुर्ची गाड्यांकडे तोंड करून ठेवली तरी मान रस्त्याकडे वळवायचा. तिनं त्याला घास भरवताना एकदा म्हटलेलं मी ऐकलं, "बाबा, ते पोर समोर आतून मरत होतं. गाडीसारखं कसं सांगायचं त्याला?" म्हाताऱ्यानं घास गिळला. हात उचलला नाही.

थंडीत म्हातारा गेला. झोपेतच. ती दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी आली आणि एका टॅक्सीचे ब्रेक उघडून बसली. मी जवळ जाऊन उभा राहिलो. "शेठ, नवे लायनर काढून ठेवा," म्हणाली. मी काढून ठेवले.

काकू आल्या त्या त्याच आठवड्यात. कुणाकडून तरी कळलं होतं. या वेळी आत आल्या. म्हाताऱ्याची खुर्ची रिकामी होती, तिथं न बसता बाकाच्या कडेला टेकल्या. मग मिस्त्रीणबाईनं विचारलं, "मुलाचा फोन येतो का?"

"येतो. रविवारी."

"काय म्हणतो?"

"जेवलीस का विचारतो. मी हो म्हणते. मी विचारते तू जेवलास का. तो हो म्हणतो. मग ठेवतो." काकूंनी पांढऱ्या गाडीकडे बघितलं. ती मागच्या भिंतीशी, ताडपत्रीखाली उभी होती. "एकदा म्हणाला, गाडी विकून टाक. मी म्हटलं, तू येऊन वीक."

"मग?"

"मग काही नाही. पण त्या दिवशी फोन लगेच ठेवला नाही त्यानं."

रस्त्यावर कुणीतरी टायर गडगडत नेत होतं, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत दोघी ऐकत राहिल्या. मिस्त्रीणबाईनं विचारलं, चहा घेणार का. काकू म्हणाल्या, घेईन, पण साखर नको. तिनं हात धुतले, साबण लावून परत धुतले, आणि स्टोव्ह पेटवला.